रेखाटलेल्या जगात वाचकाला काय उरते?

प्रश्न : कादंबरी वाचताना तिचे जग माझ्या मनात आकार घेते. विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा सांगणाऱ्या ग्राफिक नॉव्हेलमध्ये (चित्रांतून सांगितलेल्या कादंबरीत) मात्र शहरे, प्राणी, वाहने असे सारेच आयते काढून दिलेले असते. मग वाचकाच्या कल्पनाशक्तीला वाव कुठे राहतो? शिवाय अशी पुस्तके मी तासाभरात संपवतो आणि काहीतरी हातून निसटल्याची रुखरुख लागते.

उत्तर : तुमची रुखरुख अगदी रास्त आहे. चित्रकार जग दाखवतो, पण ते कोणत्या नियमाने चालते हे सहसा सांगत नाही. तो नियम ताडण्याचे काम वाचकाचे असते आणि घाईत नेमके तेच राहून जाते.

हायाओ मियाझाकी यांची ‘नाउसिका’ ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका १९८२ ते १९९४ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्या जगात विषारी बुरशीचे अरण्य माणसाची वस्ती गिळत चालले आहे. या एका गोष्टीतून बाकीचे सारे निघते : अरण्यात जाणाऱ्यांच्या तोंडावरचे मुखवटे, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यामुळेच जगू शकलेले नायिकेचे खोरे, आणि त्या वाऱ्यावरची तिथल्या लोकांची भिस्त. आरंभीच नायिकेला एका महाकाय किड्याने टाकलेली कात सापडते व ती तिच्यावरचे डोळ्याचे काचेसारखे आवरण सोडवून घेते. या लोकांची टंचाई, कारागिरी आणि भयंकर जिवांशी असलेला घरोबा, हे सारे त्या एका कृतीत येते. लेखकाला त्यासाठी दोन पाने खर्च करावी लागली असती.

ऑस्ट्रेलियन चित्रकार शॉन टॅन यांनी ‘द अरायव्हल’मध्ये (२००६) याहून धाडसी वाट धरली. परक्या शहरात आलेल्या स्थलांतरिताची ही कथा पूर्णपणे शब्दविरहित आहे, आणि तिथल्या पाट्यांवरची लिपीही कल्पित असल्याने ती नायकाला वाचता येत नाही, तशी आपल्यालाही येत नाही. हवे ते त्याला कागदावर चित्र काढून मागावे लागते. खोलीत आढळलेल्या विचित्र प्राण्याला तो आधी दचकतो. पुढे तोच त्याचा सोबती होतो, आणि तोवर आपल्यालाही तो प्राणी ओळखीचा वाटू लागलेला असतो. फ्रेंच चित्रकार मोबियस यांनीही १९७५ मध्ये ‘अर्झाक’च्या कथा शब्दांवाचून सांगितल्या, पंखांच्या प्राचीन प्राण्यावर बसलेला तो स्वार कोण, कुठून आला, हे आपण ठरवायचे.

अर्थात, नुसतीच दिपवणारी पुस्तकेही पुष्कळ आहेत. उंच मनोरे, दोन चंद्र, चकचकीत याने, पण तिथली माणसे काय खातात, पाणी कुठून आणतात, त्यांच्या वस्तू कशाने झिजतात, याचा पत्ता नसतो. तिथे निसटण्यासारखे फारसे काही नसतेच. चांगले पुस्तक मात्र दुसऱ्यांदा वाचताना संवादांचे फुगे बाजूला ठेवून फक्त पार्श्वभूमी पाहत जावे : भिंतींवरची डागडुजी, अंगावरचे कपडे, चौकटीच्या कडेला अर्धवट कापली गेलेली वस्तू. कडेपलीकडचा तिचा उरलेला भाग तुम्हालाच पुरा करायचा आहे.