आय७ घेतला म्हणजे वेगवान लॅपटॉप घेतला, असं नाही

प्रश्न : एका लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय७-१२५५यू प्रोसेसर आहे, दुसऱ्यात कोअर आय५-१२४५०एच. व्हिडिओ एडिटिंगसाठी आय७च घ्यावा ना?

उत्तर : आय५च्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर तोच घ्या. १२ हा आकडा दोन्हीकडे आहे, म्हणजे पिढी एकच. फरक शेवटच्या अक्षराचा. 'यू' कमी वीज खाणारा, मूळ मर्यादा १५ वॅट. 'एच' ४५ वॅटचा. १२५५यूमध्ये कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, १० असले तरी त्यातले जोरकस, म्हणजे परफॉर्मन्स कोअर फक्त २; उरलेले ८ कमी वीज खाणारे एफिशियन्सी कोअर. १२४५०एचमध्ये एकूण ८, पण परफॉर्मन्स कोअर ४. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना यू प्रोसेसर सुरुवातीला जोरात धावतो आणि थोड्याच वेळात वीज व उष्णतेच्या मर्यादेमुळे वेग कमी करतो.

वेगळं कार्ड नसेल, तर मात्र निवड इतकी सरळ नाही. १२४५०एचचं अंगभूत ग्राफिक्स ४८ युनिटचं आहे, १२५५यूचं ९६ युनिटचं. तेही रॅम ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन मार्गांनी एकत्र चालणारी असेल तरच खुलतं. रॅमची एकच पट्टी असेल, तर ग्राफिक्सचं नाव 'आयरिस एक्सई'ऐवजी नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' दिसतं. तेव्हा रॅम किती जीबी यासोबत पट्ट्या किती, हेही विचारा.

प्रश्न : रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांत दहाचाच फरक आहे. मग स्वस्तातला का घेऊ नये?

उत्तर : त्या दहानेच सगळा फरक पडतो. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरांत पहिला आकडा वर्षाचा असतो, ७ म्हणजे २०२३. दुसरा दर्जाचा. तिसरा आतल्या रचनेचा, आणि खरी मेख तिथेच आहे. ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २, ही रचना २०१९ची, कोअर ४. ७५३०यूमधला ३ म्हणजे झेन ३, कोअर ६. दोन्हींवर 'रायझन ५' हीच पाटी, त्यामुळे फसगत सहज होते. शिवाय ७५२०यूसोबतची एलपीडीडीआर५ रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबीचा घेतलात, तर ८ जीबीच राहणार. ब्राउझर आणि कागदपत्रांसाठी ७५२०यू चालेल. कोडिंग किंवा फोटो एडिटिंगसाठी ७५३०यूच घ्या.

चौथा आकडाही बघा. ७५३५यूमधला शेवटचा ५ सुधारित झेन ३ प्लस दाखवतो आणि त्याचं ग्राफिक्स ७५३०यूपेक्षा बरंच सरस आहे. हा हिशेब ५००० मालिकेला लावू नका. तिथे ५५००यू झेन २ आहे, तर ५६००यू झेन ३.

प्रश्न : इंटेलचे कोअर ७ १५०यू आणि कोअर अल्ट्रा ७ १५५एच एकाच जातीचे का?

उत्तर : नाही. १५०यू ही आधीचीच रचना नव्या नावाने आली आहे : २ परफॉर्मन्स आणि ८ एफिशियन्सी कोअर, एआयच्या कामासाठीचा वेगळा एनपीयू नाही. १५५एचमध्ये ६ परफॉर्मन्स कोअर धरून एकूण १६ कोअर, शिवाय एनपीयू. 'अल्ट्रा' हा शब्द आहे की नाही, तेवढं आधी तपासा.

प्रश्न : वापरलेला लॅपटॉप घ्यायचाय. विकणारा फक्त 'आय७ आहे' एवढंच सांगतो.

उत्तर : पूर्ण क्रमांक कळल्याशिवाय पैसे देऊ नका. आय७-७५००यूमध्ये २ कोअर आहेत, पुढच्याच पिढीच्या आय५-८२५०यूमध्ये ४. विंडोज ११च्या अधिकृत यादीत ७५००यू नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉप समोर सुरू करून कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू निवडा. वर उजवीकडे पूर्ण नाव, खाली कोअरची संख्या दिसेल. तिथेच मेमरी निवडली की रॅमचे किती स्लॉट भरलेत, तेही कळतं.