माती चिकटते म्हणून साच्याला तेल लावलंत?

तुम्ही लिहिलंय की नऊ इंची गणपतीचा दोन भागांचा प्लास्टरचा साचा घरीच केलात, पहिली मूर्ती चिकटली म्हणून आत खोबरेल चोपडलंत आणि तेव्हापासून सोंड न् कान साच्यातच राहतात. घोळ त्या तेलातच आहे.

प्लास्टरचा साचा पाणी पितो, म्हणून माती सुटते. ओली शाडू दाबली की प्लास्टरला टेकलेला थर आधी आवळतो, किंचित आकसतो आणि कडेनं आपोआप सुटायला लागतो. तेलानं ती बारीक भोकंच बुजली, मग माती सुटणार कशी? तेल-साबण लागतो तो साचा तयार करताना. पहिल्या अर्ध्यावर दुसरा अर्धा ओतायच्या आधी साबणाचं पाणी लावलं नाही, तर दोन्ही एकजीव होतात. बहुतेक तिथलंच वाचून तुम्ही माती भरतानाही लावलंत.

मुरलेलं तेल धुऊन निघत नाही. मूळ मूर्ती असेल तर नवा साचा करा. एक किलो प्लास्टरला साधारण सातशे मिली पाणी घ्या. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही, गाठी होतात. घट्ट होताना ते गरम होतं, त्याला घाबरू नका.

आणि मग वाळवणं. माझे सगळ्यात जास्त साचे इथेच वाया गेले. जुलैत, कोकणातल्या पावसात, घाई म्हणून एक साचा ओव्हनमध्ये ठेवला होता. पन्नास अंशांच्या वर गेलं की जिप्सममधलं, म्हणजे घट्ट झालेल्या प्लास्टरमधलं, पाणी उडायला लागतं आणि साचा भुसभुशीत होतो. माझ्या साच्यातला उंदीर बोटानं खरवडला गेला! पंख्याखाली ठेवा, आठवडा लागला तर लागू द्या. गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. कोरडा साचासुद्धा लागोपाठ दोन-तीन मूर्तींनंतर पाणी पिऊन दमतो. पेणकडे मूर्तिकार चैत्र-वैशाखातच कामाला लागलेले असतात, ते काही उगाच नाही.

माती कणकेपेक्षा थोडी घट्ट मळा. पोळीसारखी लाटून साच्यात घाला आणि आधी सोंड, कान, बोटं अशा खोल जागी अंगठ्यानं दाबा. जाडी सगळीकडे बोटभर हवी; कुठे जाड, कुठे पातळ राहिली की तडा तिथूनच जातो. दोन्ही भागांच्या कडा कोरणीनं ओरखडा, पातळ शाडूचा लेप द्या, साचा मिटवून बांधा. बुडाशी भोक ठेवा, म्हणजे आतून बोट घालून सांधा दाबता येतो आणि आतली ओलही निघते.

कोरड्या साच्यात अर्धा-पाऊण तास पुरतो, दमट हवेत जास्त. कडेला केसाएवढी फट दिसली की उघडा, ओढाओढ करू नका. तरीही धाकधूक वाटत असेल तर शंखजिऱ्याची पूड (टाल्क) फडक्यातून हलकेच झटका. तेल नको.

एवढं करूनही कान तुटला तर दोष साच्याच्या आकारात आहे. कानामागे माती अडकते, दोन भागांच्या साच्यातून ती सरळ बाहेर येऊच शकत नाही. अशा वेळी कान आणि पुढचे हात वेगळे करून नंतर जोडावेत. मी अजूनही तसंच करतो.