विनोदी मालिका आणि कॉमिक्सची चित्रं एकाच यादीत लावायची तर तुमचा क्रम काय?

पहिला शिकारी शंभू. दुसरे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. तिसरी 'वागले की दुनिया', चौथं 'ऑफिस ऑफिस', पाचवा चिंटू. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' मालिकेतले साराभाई कुठे गेले म्हणून लगेच अंगावर येऊ नका, त्यांच्याकडे येतोच आहे.

तुम्ही टीव्हीवरच्या मालिका आणि कॉमिक्स यांची एकच यादी मागितलीत, वर घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला सुरुवात कुठून करून द्यावी तेही विचारलंत. दोन्हींना लागू पडेल असा एकच नियम माझ्याकडे आहे आणि तो धंद्यातून आलाय. नाशिकला शालिमारजवळ माझं बॅनर-फ्लेक्सच्या डिझाइनचं काम चालतं. सीबीएसच्या सिग्नलवरून गाडी काढणारा माणूस बॅनर वाचत नाही, नुसता बघतो. त्यामुळे मजकूर तळहाताने झाकून चित्र एकटं किती बोलतंय ते पाहायची मला खोडच लागलीय. कॉमिक्समधले संवादाचे फुगे झाकायचे, मालिकेचा आवाज बंद करायचा. तरी हसू फुटलं तर तो वरच्या नंबराचा.

या परीक्षेत शंभूला कोणी हरवू शकत नाही. 'टिंकल'मध्ये तो १९८३ साली आला, चित्रं वसंत हळब्यांची. व्यंगचित्रकाराचं सगळ्यात सोपं हत्यार म्हणजे डोळे. बुबुळं वर केली की घाबरला, भुवया तिरक्या केल्या की चिडला. हळब्यांनी टोपी नाकापर्यंत ओढून ते हत्यारच फेकून दिलं. मग राहिलं काय? नाक, मिशा आणि हातपाय. आता कुठलंही जुनं पान काढून बघा. वाघ मागे लागला की शंभूचे गुडघे आधी निघतात, पोट मागून येतं आणि बंदूक भलत्याच दिशेला. भीती सगळी गुडघ्यात आणि कोपरात. आणि शेवटी गावकरी त्याला खांद्यावर घेतात तेव्हा तोच माणूस ताठ, छाती पुढे. टोपी तीच, चेहरा तसाच झाकलेला, तरी आता तो फुशारलाय हे कळतं. मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना संगणकाला हात लावू देण्याआधी हे पान कागदावर उतरवायला लावतो. कुरकुरतात, पण उतरवतात.

त्याच मासिकातल्या सुपांडीला मी पहिल्या पाचांत घेतलं नाही, कारण त्याचा विनोद बराचसा शब्दांत आहे. मालक एक सांगतो, हा दुसरंच समजतो. पण राम वाईरकरांचा हात बघा! अमर चित्र कथेतला तो देखणा कृष्ण त्यांचाच, आणि लांबुळक्या डोक्याचा सुपांडीही त्यांचाच. एकाच माणसाने हे दोन्ही काढावं याचं मला अजून नवल वाटतं.

टिप्र्यांबद्दल काय सांगायचं. २००१ मध्ये अल्फा मराठीवर मालिका सुरू झाली तेव्हा दिलीप प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते आणि त्यांनी केलेले आबा, म्हणजे गंगाधर टिपरे, सत्तरीच्या पुढचे. आमच्याकडे आई-दादा त्यांना तोवर 'चिमणराव'च म्हणायचे. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून मालिका घेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. आवाज बंद करून बघा. आबा खुर्चीतून उठताना आधी विचार करतात, मग हात टेकतात, मग उठतात. नातू शिऱ्याने काहीतरी लपवलंय हे सून श्यामलाच्या ध्यानात येण्याआधी आबांच्या मानेला कळलेलं असतं. मुलगा शेखरची चिडचिड, नात शलाकाचा तोरा, सगळं घर आपल्याच वाड्यातलं. त्या घरात कोणी कोणाच्या श्रीमुखात भडकावत नाही, कटकारस्थान नाही, विहिणींचे डोळे तीनदा मोठे होत नाहीत. एवढ्यासाठीसुद्धा ती मालिका वरच राहील.

'वागले की दुनिया' यादीत हवीच, कारण तिथे तुमच्या प्रश्नाचे दोन्ही तुकडे एकत्र येतात. आर. के. लक्ष्मण यांच्या रेषेतला मध्यमवर्गीय माणूस १९८८ साली दूरदर्शनवर चालू-बोलू लागला. दिग्दर्शक कुंदन शाह, वागले म्हणजे अंजन श्रीवास्तव, त्याची बायको राधिका म्हणजे भारती आचरेकर. अंजन श्रीवास्तव खांदे थोडे पाडून चालतात, हातातली पिशवी शरीराचाच भाग असल्यासारखी. २०२१ मध्ये सब टीव्हीवर नवी आवृत्ती आली, त्यात हे दोघं आई-वडील झाले आणि मुलगा झाला सुमीत राघवन. हा तोच, जो लहानपणी दूरदर्शनवर फास्टर फेणे झाला होता आणि मध्ये साराभाईंचा साहिल होऊन आला. नवी मालिका मला जरा गोडगोड वाटायची, पण सुमीतसाठी बघायचो.

'ऑफिस ऑफिस'चं कारण सरळ आहे. एका दाखल्यासाठी चपला झिजवलेल्या माणसाला पंकज कपूरचा मुसद्दीलाल वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दर भागात कचेरी बदलायची, आतली माणसं मात्र तीच: पटेल, भाटिया, शुक्ला, पांडेजी आणि आसावरी जोशींची उषाजी. पटेलांचं 'दो बातें हो सकती हैं' गाजलं खरं, पण आवाज बंद केला तरी मुसद्दीलालची छातीशी धरलेली फाइल हळूहळू खाली येताना दिसते, आणि तेवढं पुरतं.

चिंटू १९९१ पासून 'सकाळ'मध्ये यायचा, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा. पेपर आला की आमच्या घरात आधी तेवढंच पान पळवलं जायचं. पाचवा नंबर प्रेमापोटी, नियमात थोडा कमी पडतो.

आता साराभाई. नियमात सपशेल नापास! सासू माया सून मोनिशाला 'मिडल क्लास' म्हणते त्यातली सगळी गंमत रत्ना पाठक शाहांच्या आवाजात आणि त्या आधीच्या थांबण्यात आहे. आवाज काढलात तर नुसता छान सजवलेला दिवाणखाना उरतो. पण आवाज चालू ठेवून बघायचं तर तिच्या जवळपास कोणी नाही. म्हणून तिला नंबरच दिला नाही. गंगापूर रोडच्या दर सोसायटीत एक माया असते आणि आमच्या सिडकोत चौकाचौकात मोनिशा, हे मात्र लिहून घ्या.

वेताळाचे, म्हणजे फँटमचे, चाहते भांडायला येतील म्हणून आधीच सांगतो. इंद्रजाल कॉमिक्स मीही भद्रकालीत दोरीवर टांगलेली, भाड्याने आणून वाचलीत. वेताळ काढणाऱ्या साय बॅरीची शाई अप्रतिम, पण ती हसवायला नाहीच. चाचा चौधरींचं उलट: गोष्ट मजेदार, चित्र अगदी साधं. 'हास्यजत्रा' आवडते, पण ती प्रहसनं, मालिका नव्हे. आणि शि. द. फडणीस? एकाच्या शर्टावर मांजरं, शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या साडीवर उंदीर, एक अक्षर नाही. नियम त्यांच्याच चित्रांवरून बनवल्यासारखा आहे, पण ते कॉमिक्स नाही, म्हणून यादीबाहेर आणि सगळ्यांच्या वर.

तुमच्या मुलाला शंभू द्या. रद्दीच्या दुकानात जुने 'टिंकल' मिळाले तर आधी तेच घ्या, हळब्यांची चित्रं त्यांत सापडतील. मग टिपरे, रोज रात्री जेवताना एक भाग. साराभाई एवढ्यात नको. मायाच्या मुलाच्या, रोसेशच्या कविता तो चार दिवसांत पाठ करील आणि पाहुणे आले की सोफ्यावर उभा राहून म्हणेल.