स्टेप थ्रीसाठी बाबांची एफडी मोडू का?

नांदेडकडच्या एका डॉक्टरांचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, बाँडचं वर्ष पीएचसीवर काढून झालंय, यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करण्यासाठीची परीक्षा, तिची स्टेप वन पास, स्टेप टू सीकेला (दुसऱ्या टप्प्याची परीक्षा) २५१, परदेशी पदवीधरांना लागणारं ईसीएफएमजी सर्टिफिकेट हातात. सप्टेंबरात इंटर्नल मेडिसिन रेसिडेन्सीला (तिथलं पगारी पीजी ट्रेनिंग) अर्ज करणार, त्याआधी जून ते ऑगस्ट अमेरिकेत हॉस्पिटलमधल्या अनुभवाची रोटेशन्स ठरलीयत. स्वतःची शिल्लक साडेआठ लाख. आता शेवटची परीक्षा म्हणजे स्टेप थ्री, ती अमेरिकेतच द्यावी लागते, मग याच फेरीत उरकून घेऊ का? अर्जांचं मार्गदर्शन करणारा कन्सल्टंट म्हणतो द्याच, एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा त्याशिवाय मिळत नाही. वडील रिटायर्ड झेडपी शिक्षक, पाच लाखांची एफडी मोडायला तयार आहेत. लग्न ठरलंय, होणाऱ्या बाईसाहेब हिंजवडीत आयटीत.

डॉक्टर, माझं मत आधीच सांगून टाकतो, आत्ता देऊ नका. मॅच होऊ द्या, म्हणजे एखाद्या हॉस्पिटलच्या प्रोग्रॅममध्ये जागा मिळू द्या, मग इंटर्न इयरमध्ये, रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षात, द्या, जमलं तर हॉस्पिटलच्या पैशांनी.

आता हिशोब. विमानाचं भाडं मी धरतच नाही, कारण ते तुम्ही रोटेशनसाठी देणारच आहात, कन्सल्टंटचं "एकाच तिकिटात दोन कामं" हे तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पण परीक्षेची फी साडेनऊशे डॉलरच्या आसपास, क्वेश्चन बँकेचे चारेकशे, आणि दोन दिवसांची परीक्षा असली तरी अभ्यासासाठी रोटेशन संपल्यावर तीन आठवडे तरी जास्त राहावं लागणार, खोली आणि जेवण दिवसाला साठ डॉलर धरा. डॉलर नव्वदच्या आसपास धरला तर हे सगळं मिळून दोन लाख पस्तीस हजारांच्या घरात जातं. (क्रेडिट कार्डवर भरणार असाल तर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप वेगळा, तो कुणी सांगत नाही.)

याच पैशात दुसरं काय येतं ते बघा. इरासमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या अर्जांच्या ऑनलाइन पोर्टलवर, एका स्पेशालिटीत पहिल्या तीस प्रोग्रॅमना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला ३० डॉलर लागतात. म्हणजे शंभर प्रोग्रॅमना अर्ज केलात तर ३३० अधिक २१००, एकूण २४३० डॉलर, जवळपास दोन लाख एकोणीस हजार. तुमची स्टेप थ्री आणि तुमचे शंभर अर्ज यांची किंमत जवळपास सारखीच आहे. साडेआठातले चार लाख रोटेशनच्या फेरीत जाणार, सव्वादोन लाख अर्जांत, उरले सव्वादोन. हे उरलेले पैसे मी जुलैसाठी, म्हणजे रेसिडेन्सी सुरू होते त्या वेळेसाठी, राखून ठेवायला सांगेन, कारण मॅच झाल्यावर व्हिसाचा खर्च, तिकीट, घराचं डिपॉझिट, छोट्या गावात प्रोग्रॅम लागला तर सेकंडहँड गाडी, आणि पहिला पगार हातात येईपर्यंतचं जेवणखाण हे चार-पाच हजार डॉलरच्या खाली बसत नाही, आणि तिकडे क्रेडिट हिस्टरी नसल्यामुळे सुरुवातीला कुणी उधारही देत नाही. तेव्हाही थोडे कमीच पडतील. म्हणजे बाबांच्या एफडीकडे बघायचंच असेल तर ते मॅच झाल्यावर, पगाराचं कॉन्ट्रॅक्ट हातात असताना, आणि तेव्हाही मोडायची नाही, तिच्यावर बँकेतून ओव्हरड्राफ्ट घ्यायचा, एफडीच्या रेटपेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज बसेल आणि सहा-आठ महिन्यांत फिटेल. आत्ता मॅच होणार की नाही हेच माहीत नसताना रिटायर्ड माणसाचे पैसे लावणं मला पटत नाही.

आता कन्सल्टंटचा मुख्य मुद्दा, एच-वन-बी. नियम त्याने बरोबर सांगितलाय, स्टेप थ्री पास नसेल तर रेसिडेन्सीसाठी एच-वन-बी होत नाही, आणि प्रोग्रॅमला तो निकाल रँक लिस्टच्या (उमेदवारांच्या पसंतीक्रमाच्या यादीच्या) आधी, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत हवा असतो. पण तो जो हिशोब सांगतोय तो सप्टेंबर २०२५ च्या आधीचा आहे. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्पनी सही केलेल्या आदेशानुसार अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवीन एच-वन-बी अर्ज करताना एम्प्लॉयरला एक लाख डॉलर भरावे लागतात. हॉस्पिटलं, युनिव्हर्सिटी यांना कॅप, म्हणजे एच-वन-बीची वार्षिक संख्येची मर्यादा, लागू नाही म्हणून ती सुटतात असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, फी त्यांनाही आहे. आदेश बारा महिन्यांचा आहे, डॉक्टरांच्या संघटनांनी सूट मागितलीय, राष्ट्रहिताच्या नावाखाली अपवादाची सोयही आहे, पण कुठलं कम्युनिटी हॉस्पिटल पासष्ट हजार डॉलर पगाराच्या इंटर्नसाठी वर लाखभर डॉलर भरेल? तुम्ही अडीच लाख रुपये घालून जो दरवाजा उघडायला निघालात त्याला आतून कुलूप लागलंय, आणि किल्ली तुमच्या हातात नाही.

तुमच्या बॅचमेटचं उदाहरण दिलंत, तिने आधी स्टेप थ्री दिली आणि तिला एच-वन-बी मिळाला. तुम्हीच लिहिलंय की ती नवऱ्याबरोबर न्यू जर्सीत एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, राहत होती. तिचा स्टेटस अमेरिकेतच बदलला, आणि तसा आतल्या आत बदल करणाऱ्यांना ही फी लागत नाही असं तिथल्या इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तिच्यासारखी परिस्थिती असती तर मी तुम्हालाही सांगितलं असतं की द्या, आणि लवकर द्या. आधीच्या एखाद्या स्टेपला फेल झालेला अटेम्प्ट असेल किंवा पासआउट होऊन बरीच वर्षं झाली असतील तरीही विचार करता येतो, प्रोफाइलला टेकू मिळतो. तुमचा सीके चांगला आहे, तुम्हाला त्या टेकूची गरज नाही. उलट घाईत फेल झालात तर तो अटेम्प्ट ट्रान्सक्रिप्टवर कायमचा राहतो आणि फी परत भरावी लागते ती वेगळी. शिवाय रोटेशनच्या काळात संध्याकाळी क्वेश्चन बँक उघडून बसणारा माणूस सकाळी राउंडला कसा दिसतो हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि ही सगळी फेरी तुम्ही लेटर ऑफ रेकमेंडेशनसाठीच करताय ना!

मग उरतो जे-वन, ट्रेनिंगसाठीचा दुसरा व्हिसा. त्याची बदनामी फार झालीय, ट्रेनिंग संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं वगैरे. अट आहे हे खरंच, पण बरेच जण कॉनरॅड थर्टी या योजनेतून वेव्हर, म्हणजे या अटीतून सूट, घेतात, प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जागा, डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. मला तुमच्या घरातल्या पैशाच्या बाजूने जे दिसतं ते सांगतो. तुमच्या होणाऱ्या बाईसाहेब आयटीत आहेत. तुम्ही जे-वनवर गेलात तर त्या जे-टूवर, जोडीदाराच्या व्हिसावर, जातील आणि वर्क परमिट काढून नोकरी करू शकतील, परमिट यायला काही महिने लागतात तेवढंच. तुम्ही एच-वन-बीवर गेलात तर त्या एच-फोरवर, आणि तुमची ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांना नोकरी करता येत नाही, रेसिडेन्सीच्या तीन वर्षांत तर बहुतेक नाहीच. तीन वर्षं एक इंजिनिअर घरी बसणं ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी रक्कम आहे, आणि तुमच्या मेलमध्ये तिच्याबद्दल एक ओळ नाही. त्यांना विचारलंय का?

अजून एक छोटी गोष्ट. जे-वनवर पहिली दोन कॅलेंडर वर्षं साधारणपणे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या तिथल्या सरकारी पेन्शन आणि आरोग्य योजनांचे ७.६५ टक्के कापले जात नाहीत, एच-वन-बीवर पहिल्या दिवसापासून कापतात. जुलैत रुजू झालात तर हे दीड वर्ष झालं, पासष्ट हजारांच्या पगारावर सात हजार डॉलरच्या वर. पेरोलवाले कधी कधी चुकून कापतात, तर पहिली स्लिप नीट बघायची.

जे-वनचा धोका नाही असं मी म्हणत नाही. २०२५ च्या मे अखेरीस नवीन व्हिसा इंटरव्ह्यूच्या तारखा देणं तीन आठवडे थांबवलं होतं आणि १ जुलैला रुजू व्हायचे किती तरी डॉक्टर लटकले होते. पण स्टेप थ्री दिली म्हणून तो धोका कमी होत नाही.

इंटर्न इयरमध्ये वेळ कुठून काढणार हा प्रश्न येईलच. आठवड्याला ऐंशी तासांपर्यंत काम असतं, मान्य आहे. तरी बरेच जण ओपीडीचा किंवा इलेक्टिव्हचा हलका महिना बघून देतात, रोज पेशंट बघत असता त्यामुळे परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या कॉम्प्युटरवरच्या केसेस सोप्या जातात, आणि बऱ्याच प्रोग्रॅममध्ये एज्युकेशन अलाउन्समधून फी परत मिळते. नाही मिळाली तरी महिन्याच्या हातात येणाऱ्या पगाराचा तो पाव हिस्सा असेल. आज तीच फी तुमच्या पीएचसीच्या महिन्याच्या पगाराहून जास्त आहे.

मार्चमध्ये मॅच झाला नाही तर परत लिहा, तेव्हा गणित वेगळं असेल, सप्टेंबरनंतर त्या लाख डॉलरच्या आदेशाचं काय झालं हेही तोवर कळलेलं असेल. एफडी जूनमध्ये मॅच्युअर होतेय म्हणालात, ती बाबांच्याच नावाने सीनियर सिटिझन रेटला रिन्यू करा, नॉमिनीचं नाव बरोबर आहे ना तेही त्याच वेळी बघून घ्या. आणि कन्सल्टंटला स्टेप थ्रीच्या पॅकेजचा ॲडव्हान्स दिला असेल तर तो आत्ताच परत मागा, क्लास सुरू झाल्यावर देणार नाही.