आठ वर्षांच्या मुलीला टांगत्या मोबाइलमधून विज्ञान कसं शिकवू? (मुंबईत छोटं घर आहे)

पाळण्यावरचं चिमणाळं आठवतंय ना? टांगता मोबाइल म्हणजे तेच, फक्त तोल साधलेलं. खराट्याचा २० सेंमी हीर घ्या. एका टोकाला एक बटण, दुसऱ्याला तीन. दोरा कुठे बांधायचा ते तिलाच शोधू द्या. मध्यावर नाही, तीन बटणांपासून ५ सेंमीवर: ३×५ = १×१५ (बटणं × गाठीपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं). प्रत्यक्षात गाठ किंचित मध्याकडे सरकते, कारण हिरालाही वजन असतं. हे तिनेच पकडलं तर सोन्याहून पिवळं! एकाखाली एक असे अनेक हीर टांगायचे असतील तर बांधणी मात्र खालून वर करायची. तोल साधेपर्यंत पंखा बंद (मुंबईत हीच खरी परीक्षा). मोबाइल शिल्पं गाजवणारा अलेक्झांडर काल्डरही मेकॅनिकल इंजिनिअरच होता, १९१९चा पदवीधर.