उजेड लावू नकोस

सोलापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

जैसलमेरजवळच्या वाळूत दोन रात्री काढून तू परतलास आणि मला विचारलेस, की मोबाईलच्या छायाचित्रात जांभळी-गुलाबी उमटलेली आकाशगंगा डोळ्यांना मात्र फिकट धुरासारखीच का दिसली, आणि यात खोटे कोण. प्रश्न वाचून मी अस्वस्थ झालो, कारण पुढच्याच ओळीत तू लिहिले आहेस, की फोटो कसा आला ते दर पाच मिनिटांनी उघडून पाहत होतास. खोटे कोणीच नाही. कॅमेरा कितीतरी सेकंद प्रकाश साठवत राहतो, डोळ्याला ते जमत नाही. शिवाय डोळ्यातल्या, मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. पण त्या पेशींतले रंगद्रव्य भरून येण्यासाठी सलग २० ते ३० मिनिटे अंधार लागतो आणि एका पांढऱ्या झोताने ती सारी कमाई जाते. दोन रात्रींत तेवढा अंधार तू डोळ्यांना एकदाही दिला नाहीस. उजेड लावू नकोस, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता तू लडाखमधल्या हानलेला जायचे म्हणतोस. जरूर जा, सुमारे ४,५०० मीटर उंचीवरची ती कोरडी, विरळ हवा आपल्याकडे मिळणार नाही. अमेरिकेतील युटामधल्या नॅचरल ब्रिजेसला २००७ मध्ये जगातले पहिले आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे काळोखे आकाश जपणारे उद्यान, म्हणून मान्यता मिळाली, तीही असाच ओसाड, गावांपासून दूरचा मुलूख आहे म्हणून. मात्र हानलेत जेमतेम क्षितिजावर येणारा अगस्तीचा तारा सोलापुरातून सुमारे २० अंश वर चढतो, हेही ध्यानात ठेव. आणि कुठेही गेलास, तरी उजेड लावू नकोस.

एप्रिल १९८६ मध्ये, अमावास्येच्या सुमारास, मी मंगळवेढ्याकडच्या आमच्या रानात हॅलेचा धूमकेतू पाहायला गेलो होतो. तो दक्षिणेला, नरतुरंग तारकासमूहाच्या आसपास होता. माझ्या हातात बॅटरी आणि नकाशा. ज्वारीची राखण करण्यात आयुष्याच्या रात्री घालवलेले वडील बांधावर बसून म्हणाले, "तो बघ, कापसाच्या बोंडासारखा. आधी बॅटरी विझव." मी विझवली नाही, कारण मला नकाशावर ताडून पाहायचे होते. त्यांना दिसला, मला दिसला नाही. पुढच्या रात्री आभाळ भरून आले. आता तो २०६१ मध्ये येईल. तेव्हा तू असशील.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी आकाश पाहायला जमलेल्यांतल्या, मोबाईल पेटवणाऱ्या एका मुलाला मी बांधापलीकडे पाठवले. तो पुन्हा आला नाही, आणि लोक मला हेकेखोर म्हणतात. पण इतर अकरा जणांचे डोळे नुकते सरावले होते, त्यांचे काय? मी केले ते आजही मला योग्यच वाटते.

दुर्बीण इतक्यात घेऊ नकोस. कार्तिकी अमावास्येला दुपारच्या एसटीने ये. घोंगडे आण, मोबाईल घरी ठेव, आणि वाटेपुरती बॅटरी आणलीसच तर तिच्यावर जिलेटिनचा लाल कागद दुहेरी बांध. शहराचा उजेड पूर्वेला राहतो, दक्षिण मोकळी असते. आधी अर्धा तास नुसते बसायचे. मग देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, नजर किंचित बाजूला ठेवून पाहायची, म्हणजे ती स्पष्ट होते. २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली ती साध्या डोळ्यांनी दिसते. अगस्तीसाठी मध्यरात्र उलटेपर्यंत थांबू.

मी बांधावरच असेन. पोचलास की हाक मार, दिवा दाखवू नकोस.