२६ जुलैचा पूर आणि ब्लॉगचा पुरावा

२६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरावर तुम्ही एम.ए.चा प्रबंध लिहिताय. गाईड म्हणतात ब्लॉग नकोत, छापील वर्तमानपत्रंच बघा. आणि ते बरोबर आहे का, असा तुमचा प्रश्न. माझ्या मते अर्धंच बरोबर.

त्या चोवीस तासांत उपनगरात, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, दक्षिण टोकाला कुलाब्याला जेमतेम ७३. मी तेव्हा कुलाब्याजवळच, फोर्टात नोकरीला होतो. संध्याकाळचा चहा घेताना "आज गाड्या रखडल्यात वाटतं" एवढीच आमची चर्चा. बऱ्याच दैनिकांच्या कचेऱ्याही याच टोकाला होत्या. कलिन्यात कोणत्या वळणावर पाणी गळ्याशी आलं, कोणत्या सोसायटीने अनोळखी माणसांना जिन्यात झोपू दिलं, असले तपशील मला पुढे ब्लॉगांवरच जास्त मिळाले.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पाण्यात उभा असलेला माणूस ब्लॉग लिहीत नव्हता. उपनगरांत वीज गेलेली, फोन बंद. बहुतेकांनी घरी पोचल्यावर, वीज आल्यावर लिहिलं. म्हणजे ती एक-दोन दिवसांनंतरची आठवण आहे. शिवाय लिहिणारा वर्ग कोणता? घरी नाहीतर ऑफिसात इंटरनेट असलेला, बहुतांशी इंग्रजीत लिहिणारा. मिठी नदीकाठच्या झोपडीतली बाई तिथे सापडणार नाही. तिच्यासाठी पायपीट करून मुलाखतीच घ्याव्या लागतील.

तारखांचा घोळ तर विचारू नका. 'ब्लॉगर' या ब्लॉग लिहायच्या संकेतस्थळावर अनेकांनी घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचंच ठेवलेलं असायचं. आपल्याकडे २७ ला सकाळी ९ वाजता लिहिलेली नोंद मग २६ च्या रात्री ८:३० ची दिसते. वेबॅक मशीन, म्हणजे जुनी वेबपानं साठवणारं संकेतस्थळ; त्याच्या पत्त्यातला, पान कधी साठवलं ते सांगणारा चौदा आकडी शिक्का ग्रिनिच वेळेचा असतो, त्यात साडेपाच तास मिळवा. मी स्वतः एकदा हे न बघता घटनाक्रम लावला आणि माणसं पूर यायच्या आधीच पुराचं वर्णन करायला लागली!

ऑनलाइन बातम्यांची तऱ्हा वेगळी. मृतांचा आकडा बदलायचा, पान तेच राहायचं. छापील अंकात कालची चूक कालच्या अंकात शाबूत असते, इथे ती पुसली जाते. आणि तेव्हाच्या कितीतरी मराठी संकेतस्थळांवर युनिकोड, म्हणजे अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी एकच पद्धत नव्हती, ज्याचा त्याचा फॉन्ट. आज ती पानं उघडली की गिचमीड अक्षरं दिसतात, गूगलवर 'मिठी' शोधून ती येत नाहीत. फॉन्ट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढा. जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा.

या पुराची चौकशी करणाऱ्या चितळे समितीचा अहवाल शेजारी ठेवून वेळा ताडून पाहा. जे पान वापराल ते त्याच दिवशी वेबॅकवर साठवा, आणि गाईडना दाखवायची प्रिंट काढताना वरचा पत्ता कापला जात नाही ना, तेवढं बघा.